साहेब मीटिंगमध्ये आहेत

साडेदहापर्यंत फोन एकदाही वाजला नाही, म्हणून राजेश्वरीने रिसीव्हर उचलून टोन आहे का ते पाहिलं. टोन होता.

ऑफिसातले एकतीस जण सकाळीच कर्जतच्या रिसॉर्टवर पिकनिकला गेले होते. रिसॉर्ट राजेश्वरीने शोधला होता, बस तिने ठरवली होती, जेवणात भरीत की पनीर या भांडणाचा निकालही तिनेच लावला होता. फक्त "फोन कोण उचलणार?" असं मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी रिसेप्शनकडे पाहिलं, आणि "मी आहे ना," असं तीच बोलून गेली. न्हावा शेवा बंदरात अडकलेला माल सोडवून देणारी कंपनी. कुणाचा ना कुणाचा कंटेनर रोज अडकतोच. बेलापूरच्या या चौथ्या मजल्यावर एरवी तिला पाणी प्यायला फुरसत नसायची.

अकराला पाच कमी असताना काचेचं दार ढकलून एक मुलगी आत आली. निळा कुर्ता, नीट पिन लावलेला स्कार्फ, हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, मी शायमा. अकराचा इंटरव्ह्यू आहे. कुलदीप सरांनी बोलावलंय."

"बस हं." राजेश्वरीने एचआरच्या कुलदीपला मोबाइल लावला. तिकडे बसमध्ये भेंड्या रंगात आल्या होत्या.

"अरे यार! विसरलोच," कुलदीप ओरडला. "सोमवारी बोलवा तिला. आणि तुमचं काय मॅडम, आराम ना?"

"कसला आराम? एक फोन येत नाही."

"कसा येणार? सगळ्या पार्ट्यांना कालच मेसेज गेलाय ना, आज ऑफिस बंद म्हणून."

"मग मला कशाला..."

पण तिकडे कुणावर तरी 'ण' आला होता. त्या कल्लोळात लाइन तुटली.

राजेश्वरीने मोबाइल पालथा ठेवला. शायमा सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती. आता हिला सांगायचं, मग ही जाणार. मग कुलूप लावून आपणही घरी जायचं. अकरा वाजता घरी जाऊन करायचं काय, हे तिला सुचेना.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," ती म्हणाली. "थोडं थांबावं लागेल."

चौदा वर्षांत हे खोटं ती रोज बोलत आली होती. पण साहेबांसाठी. स्वतःसाठी आज पहिल्यांदाच.

पाहुण्यांना चहा पँट्रीतून यायचा. आज पँट्रीवालाही पिकनिकला. राजेश्वरीने स्वतः दोन कप केले, आलं जरा जास्तच घातलं. मुलगी उरणहून दोन बस बदलून आली होती. शिपिंगचा डिप्लोमा झाला होता. हा तिसरा इंटरव्ह्यू.

"कुलदीप सर विचारतील, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता," राजेश्वरीने आवाज खाली आणून सांगितलं, जणू आत कुणी ऐकत होतं. "काय सांगशील?"

"खरं सांगू?"

"इथे खरं सांग. तिथे नको."

"जिथे अम्मी लग्नाचा विषय काढणार नाही अशा कुठल्याही ठिकाणी."

राजेश्वरी खळखळून हसली. रिकाम्या ऑफिसात ते हसणं केवढं तरी मोठं वाटलं.

"तुम्ही काय सांगितलं होतं, मॅडम?"

"मला कुणी विचारलंच नाही."

एक वाजता तिने डबा उघडला. एकच भाकरी होती, घेवड्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरीची दोन अर्धुकं झाली. शायमाने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून मध्ये ठेवला. चटणी तिखट लागली तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने आणखी मागितली.

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"टीव्ही असतो," राजेश्वरी म्हणाली.

या वेळी कुणीच हसलं नाही. बिस्किट खाता खाता शायमाने बंद केबिनकडे एकदा पाहिलं. राजेश्वरीने हातातला घास परत डब्यात ठेवला.

"शायमा, तुला एक सांगायचंय. आत कुणी नाहीये गं."

"माहितीये."

"माहितीये?"

"सर किती मोठ्याने बोलतात फोनवर! सगळं ऐकू आलं मला."

"मग बसलीस कशाला इतका वेळ?"

शायमाने बोटाला लागलेला बिस्किटाचा चुरा झटकला. "लवकर घरी गेले की अम्मी तोंड बघूनच समजते, नाही झालं म्हणून. उशीर झाला की खूश असते. म्हणते, नक्की खूप प्रश्न विचारले असतील." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही चहा करायला उठलात ना. मग कसं उठणार?"

अडीचला ती निघाली. राजेश्वरीने तिला सोमवारची वेळ लिहून दिली, खाली ऑफिसचा नंबर. लिफ्टपर्यंत ती कधी कुणाला सोडायला गेली नव्हती, आज गेली. परत येऊन कप विसळले. टेबल आवरलं. आवरलेलंच पुन्हा आवरलं.

सव्वातीनला फोन वाजला. राजेश्वरी इतकी दचकली की रिसीव्हर हातातून निसटता निसटता राहिला. तिने कंपनीचं नाव सांगितलं, गुड आफ्टरनून म्हटलं, आणि सवयीने बोट बटणांवर नेत विचारलं, "कोणाला जोडून देऊ?"

पलीकडे बसची घरघर होती.

"कोणाला नको, मॅडम. तुम्हालाच केलाय. बस मिळाली, तेवढंच सांगायचं होतं."

राजेश्वरीने बोट बटणांवरून काढलं. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरत दोन्ही हातांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट मांडी घालून बसली.

"कुठवर आलीस?" तिने विचारलं. "सांग."