दारावरची पाटी

कारंज्याची बस अकराला होती आणि चंद्रभानजी नऊलाच तयार होऊन शेजारच्या खोलीतल्या बापूजींच्या दाराला नवी कडी बसवत होते. पिशवी खोलीत भरून ठेवलेली. कडीची काही घाई नव्हती, पण दोन तास नुसतं बसायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"म्हणजे जाऊनच राह्यले तुम्ही?" बापूजींनी खाटेवरून विचारलं.

"नाई तं काय! दोन महिन्यांसाठी आलतो जी. दोन वर्षं झाली."

खरंच होतं ते. कारंज्याच्या घरी मोरीत पाय घसरून कोकिळाबाईंचं मनगट मोडलं. मुलगा पुण्याला. म्हणून हाड जुळेपर्यंत नवरा-बायको नालवाडीजवळच्या या ज्येष्ठ निवासात आले. हाड जुळलं, पण तोवर चंद्रभानजींना इथं कामं सापडली होती. चाळीस वर्षं हायवेवर मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. स्वस्थ बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाकीचा गळका व्हॉल्व्ह बदलला. आठवड्यात मॅनेजर देवेंद्रनं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हाती दिला आणि महिन्याभरात ते रीतसर कामाला लागले. नळ, पंखे, कड्या, खाटांचे पाय. बूड म्हणून कुठं टेकेना. जेवायलाही ते हॉलमध्ये बसत नसत. मागच्या अंगणात माळी आणि चौकीदाराबरोबर उरकून घ्यायचे. खोलीत यायचे ते पाठ टेकायला.

तरी जीव लागेना. दुरुस्त करायला काही उरलं नाही की कारंज्याचं बंद घर डोळ्यांसमोर यायचं आणि मग 'पोळा झाला की जाऊ', 'दिवाळी झाली की जाऊ' सुरू व्हायचं. या वेळी मात्र त्यांनी कोणाला विचारलं नाही. सकाळी उठून पिशवी भरली आणि निघायचं म्हणून जाहीर केलं.

दारांवरच्या पाट्या ही त्यांचीच अक्कल. आधी नवरा-बायकोची नावं एकाच पाटीवर असत. श्रीधर मास्तरांची बायको गेली तेव्हा अर्धी पाटी रंगानं पुसावी लागली, आणि मास्तर कितीतरी दिवस मान खाली घालूनच त्या दारातून आत जायचे. तेव्हापासून चंद्रभानजींनी पद्धत पाडली. जोडप्याच्या दोन पाट्या, वर नवऱ्याची, खाली बायकोची. एकटं माणूस असेल तर एकच, दाराच्या बरोब्बर मधोमध. सव्वीस दारांना त्यांनी अशा पाट्या लावल्या. स्वतःच्या दाराला मात्र एक स्क्रू लागू दिला नाही. पाटी लागली की माणूस अडकला, म्हणायचे. कोकिळाबाईंनी दोनदा विषय काढला, मग सोडून दिला.

त्यांना वाटायचं, आपण ढकलतो तसे बायकोही दिवस ढकलते. बिचारी सकाळी यशोदाताईंबरोबर फिरायला जाते, दुपारी कॅरम खेळते, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. चूल नाही, डबा नाही. करणार तरी काय? तिच्या मनगटापायी आपण इतके दिवस इथं काढले, याचं त्यांना जरा कौतुकही होतं. स्वतःचंच.

कडी बसली. चंद्रभानजी तरातरा खोलीवर आले. दाराशी पिशवी होती. एकच.

"काऊन व, तुही पिशवी कुठं हाये?"

खुर्चीत बसलेल्या कोकिळाबाईंनी पेपरची घडी घातली. चष्मा काढून तिच्यावर ठेवला.

"मी येऊन नाई राह्यली."

आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग संताप आला. "डोकं फिरलं का तुहं? काय ठेवलं हाये इथं?"

"सकाळचा चहा," त्या म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं साऱ्यायले करून देल्ला. इथं मले कोणी आणून देते. मी बसून पेते."

हातातला पेचकस चंद्रभानजी उगाच फिरवत राहिले. कोकिळाबाई उठल्या, कपाटातल्या लुगड्यांखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं. पाटी होती. इथल्या साऱ्या पाट्यांसारखीच, निळ्यावर पांढरी अक्षरं: कोकिळा ढोबळे.

"जाता जाता एवढं काम करून द्या. तुमच्यासारखी सरळ दुसऱ्याले नाई लावता येत."

चंद्रभानजींनी पाटी उलटीपालटी करून पाहिली. कपाटातही नजर टाकली.

"अन् माही?"

"तुमची कशाले?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच चंद्रभानजींना फार लागलं. "तुम्ही इथं राह्यलेच कुठं? तुम्ही तं कामाले येता."

साडेदहा वाजत आले होते. बस पकडायची तर आता निघायला हवं होतं. चंद्रभानजींनी पिशवीची चेन उघडली, कपड्यांमधून ड्रिल काढलं आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पाटी दाराच्या बरोब्बर मधोमध धरली. कानावरची पेन्सिल काढली.

मधोमध. एकट्या माणसाची पाटी. हात तिथंच थबकला. सव्वीस दारांना पाट्या लावताना कधी थबकला नव्हता.

मग त्यांनी पाटी चार बोटं वर सरकवली आणि खाली आणखी एक पाटी बसेल एवढी जागा ठेवून खूण केली.