न चुकणारा अंदाज

आमच्या साहेबांचा विजेच्या मागणीचा अंदाज कधीच चुकत नाही. आदल्या दिवशी ते आकडा लिहितात, तेवढीच वीज बाजारातून घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवशी मागणी मुकाट्याने त्या आकड्यावर येऊन बसते. परवा शेजारच्या विभागातले अधिकारी ही विद्या शिकायला कंट्रोल रूममध्ये आले होते. भर दुपारी पडद्यावरची मागणीची रेषा आकड्याच्या वर चढली. हातातला चहाचा कप खाली न ठेवता साहेब मला म्हणाले, “पूर्व भागाला वीज देणारा फीडर बंद कर.” मी केला. रेषा खाली आली.

“बघा, जुळला!”

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या बायकोचा आवाज स्पीकरशिवाय खोलीभर घुमला. “अहो, कालच राहायला आलो त्या नव्या घरातही लाइट गेली! आईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय!”

कप टेबलावर आदळला. “पूर्व चालू कर! आधी चालू कर!”

मी चालू केली. रेषा पुन्हा वर सरकली. साहेबांनी घाम पुसला, पाहुण्यांकडे पाहून हसले. “आता पश्चिम बंद कर.”

“साहेब, तिकडेही कुणाची तरी आई असेल.”

“असेल ना. पण तिच्या सुनेकडे माझा नंबर नाही.”