नव्या पुस्तकाचं गाऱ्हाणं

पहिलीच्या नव्या पुस्तकात मुळाक्षरं नव्हती. चित्राखाली थेट शब्द होते. स्वराज्य आल्यापासून मी शिकवायची ही तिसरी पद्धत. सकाळपासून पालक माझं डोकं खात होते. यशोदाबाईचा नवरा मुंबईत गिरणीत. ती म्हणाली, "पोर चित्र बघून 'घर' म्हणता. पण ह्येंची पत्रां येतत, त्यात चित्रां आसतत काय, गुरुजी?"

मी म्हटलं, दुपारी तपासनीस साहेब येतायत, त्यांनाच सांगा.

साहेब आले. पुस्तक दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून बोलू लागले. "या पुस्तकाने मुलांची भीती जावो." आणि थांबले, देवळात देवाला गाऱ्हाणं घालणारा दर मागण्यानंतर लोकांच्या होकारासाठी थांबतो तसे. मागून पालकांतल्या धोंडूच्या तोंडून सवयीनं निघालं, "व्हय म्हाराजा!"

"मुलं लवकर वाचती होवोत."

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच म्हणत होते. यशोदाबाईसुद्धा.

पालकांची एकमताने पसंती, असं लिहून घेऊन साहेब खुशीत गेले. मी यशोदाबाईला गाठलं.

"यशोदाबाई, सकाळी माझ्याशी भांडलात, आणि साहेबांना व्हय म्हाराजा?"

"गाराण्याक नाय कसां म्हणतले?" तिनं पोराची पाटी पुसून माझ्यासमोर ठेवली. "देवाकपण वर्सानवर्सां व्हयच म्हणतंव. म्हणान सगळां तसां झालां काय? तुमी आपले ह्येका अ-आ गिरवूक घाला."