देवाचं बिऱ्हाड

बाबाजी परब छाती काढून देवळाबाहेर पडला. देवाला लावलेली पाकळी डावीकडे पडली होती. म्हणजे गाव सोडायचं नाही!

आज संध्याकाळी समुद्र गावात शिरण्याची शक्यता शंभरात चाळीस, असं किनाऱ्यावरचं यंत्र सकाळपासून सांगत होतं. अर्धा गाव निघायचं म्हणत होता. उरलेल्यांना समुद्र तापून चढतोय हेच मान्य नव्हतं, आणि बाबाजी त्यांचा पुढारी. भांडून भांडून शेवटी कौल लावायचं ठरलं होतं.

घरी येऊन तो भरपेट जेवला आणि आडवा झाला. जाग आली तेव्हा कोंबड्यांचा आवाज नव्हता. बायको नव्हती. शेजारी बघितलं, तर त्याच्याच बाजूने घसा फोडणाऱ्यांचे गोठेही रिकामे!

तो धावतच वेशीबाहेरच्या माळावर चढला. दर काही वर्षांनी सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहतो, त्या गावपळणीला उभारतात तशा झोपड्या उभ्या होत्या आणि बायको चूल फुंकत होती. शिवी अगदी ओठावर आली, पण तिथेच थिजली. गुरवाच्या झोपडीत घडी घातलेल्या घोंगडीवर देवाची मूर्ती होती.

गावपळणीत माणसं जातात, गुरं जातात. देव मात्र राखणीला राहतो. त्याने वेस ओलांडल्याचं कुणाच्या आज्यानेही ऐकलं नव्हतं.

"शंभू," बाबाजीने मूर्तीकडे बोट दाखवलं, "त्यानाच गावात रवा म्हटल्यान ना रे?"

शंभू गुरव देवाच्या कपाळावरची धूळ पुसत होता.

"म्हटल्यान खरा. पण देव चुकलो तर पयलो तोच बुडतलो. मगे कान कोणाचो धरूचो, परबानू?"