भांडणाचा पाठ

दार धाडकन उघडलं आणि नऊवारीतली एक ठसठशीत म्हातारी थेट फळ्यापाशी आली. तिला बघून पुढची बाकं आपोआप मागं सरकली.

करुणा मनातून खूश झाली. आवडाबाईंनी वेळ बरोबर साधली होती. पिशोरच्या या बाईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, फोनवरच ठरलं होतं. वर्गात घुसायचं, भांडायचं, करुणा उलटून बोलेल, तरी मागं हटायचं नाही. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भांडण बघायचं आणि मग दणकट क्रियापदं वापरून लिहायचं, असा हा पाठ. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका सत्यशीला मॅडम बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. करुणाची नोकरी पक्की होणार की सुटणार, ते या पाठावर ठरणार होतं.

"माझ्या नातीच्या निबंधात जीव नाय म्हणली, ती मास्तरीण तूच का?" म्हातारी कडाडली.

काय सुरुवात केली! करुणानं पदर खोचला. "व्हय, मीच. आली, गेली, केली, याच्या पुढं पोरीची गाडीच जात नाही. घरात कुणी तोंड उघडत नाही वाटतं?"

"आमच्या घरात? अगं, मी तोंड उघडलं की गुलमंडीच्या बाजारातला दुकानदार गुमान भाव उतरवतो!"

"मग नातीसाठी थोडं ठेवायचं की. सगळं एकटीनंच वापरलंत?"

वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या बाकावरच्या तनुजानं तेवढं निबंधाची वही छातीशी धरून बाकावर डोकं टेकलं. भित्री पोर, करुणाला वाटलं.

म्हातारी लालबुंद झाली. कसलेली बाई! तिनं खडूंचा डबा भिरकावला, "बघतेच तुला!" म्हणून गरजली आणि पाय आपटत निघून गेली.

"लिहा!" करुणानं टाळी वाजवली. "आजी आली, आजी बोलली, असलं मिळमिळीत नको."

"घुसली!"

"खेकसली!"

अभय तर बाकावर चढून ओरडला, "बाईंनी आजीला धुतलं!"

सत्यशीला मॅडम हसत उठल्या. "करुणाबाई, असा पाठ मी आजवर बघितला नाही. तुमचं काम पक्कं समजा."

करुणा ताठ मानेनं फळ्याकडं वळली, तेवढ्यात दारावर हलकी टकटक झाली. उंबऱ्याबाहेर एक किडकिडीत बाई हात जोडून उभी होती.

"माफी करा बाई, पिशोरची बस लई उशिरा आली. मी आवडाबाई. आता आत येऊन भांडू का?"