दुसऱ्या हाकेला

"दुसरीला," लाफा ओठ न हलवता पुटपुटला.

शेजारी चेंडूवर ओणवा झालेला ऑरिन हलला नाही. मागे चेंडू घ्यायला उभ्या असलेल्याची पहिली हाक आली, ती त्याने जाऊ दिली. दुसरीला चेंडू त्याच्या दोन पायांमधून सुतासारखा सरळ मागे गेला आणि अख्खी फळी एकदम समोरच्यांवर तुटून पडली.

"वा, आजोबा!" बाहेरून प्रशिक्षक रडॉक ओरडला. "पोरांनो, शिका जरा त्याच्याकडून!"

पस्तिशीच्या माणसाला अमेरिकन फुटबॉलमध्ये आजोबाच म्हणतात. ऑरिन हॅस्केल तेरा हंगाम फळीच्या मधोमध उभा होता. चेंडू कितव्या हाकेला मागे द्यायचा, हे प्रत्येक डावाआधी कोंडाळ्यात ठरायचं. ते तोही ऐकायचा. पण कोंडाळ्यापासून चेंडूपर्यंतच्या चार पावलांत ते पुसलं जायचं. सरावशिबिराच्या सुरुवातीला त्याने दोनतीनदा हळूच विचारलं होतं, "कितवीला रे?" म्हातारा आपली परीक्षा घेतोय, असं लाफाला वाटलं. मग ऑरिनने विचारणं सोडलं आणि लाफा न विचारता सांगू लागला.

जुनं मात्र त्याच्यापाशी सगळं शाबूत होतं. "समोरच्याच्या तोंडाकडे बघू नकोस, बेट्या, तोंड खोटं बोलतं. जमिनीवर टेकलेली बोटं बघ. नखं पांढरी पडली की समज, गडी अंगावर येतोय." लाफाला जे काही येत होतं, ते ऑरिनने असं एकेक करून दिलेलं होतं. आणि सकाळी अंडी खाताना तो विचारायचा, "तुमच्या सामोआत डोंगर आहेत का रे?" दुपारी जेवताना परत विचारायचा. लाफा दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचा, की आहेत, दादा, थेट समुद्रातून वर आलेले, हिरवेगार.

त्या संध्याकाळी रडॉकने लाफाला बाजूला घेतलं.

"पोरा, दम आहे तुझ्यात. पण बाजूची जागा तुझी नाही, पाय दुखावलेला गडी परत आला की ती त्याची. उरली मधली. आणि आजोबा यंदा एकही चूक करायला तयार नाही. कसा काढू त्याला? तूच सांग."

 लाफाचं संघात नाव लागलं नाही तर विमानाने घरी, आणि घरी मासे डब्यांत भरायचा कारखाना. बाप तिथेच होता, दोघे भाऊ तिथेच. त्याहून जास्त मात्र त्याला ऑरिनची मान दिसत होती. दर टकरीनंतर ती थोडी जास्त वेळ खाली राहायची.

दुसऱ्या दिवशी गावातले लोक सराव बघायला आले होते. मैदानापलीकडे मक्याची शेतं उन्हात निपचित पडली होती. कोंडाळं सुटलं. ऑरिन चेंडूवर वाकला. लाफाने शेजारी हात टेकला, तोंड उघडलं, आणि मिटलं. कुणासाठी मिटलं, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढेही कधी आलं नाही.

पहिली हाक झाली. फळी पुढे गेली. ऑरिन एकटाच मागे वाकलेला राहिला, चेंडू हातात तसाच. शिट्टी वाजली.

"आजोबा, डुलकी लागली का?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

पुन्हा कोंडाळं, पुन्हा ओळ. लाफा पुन्हा गप्प. ऑरिनने या खेपेला चेंडू दिला, पण एक हाक आधीच. तो कुणाच्या हाती लागलाच नाही, गवतावर घरंगळत गेला. आता कुणी हसलं नाही.

तिसऱ्या खेपेला ऑरिनने वाकल्या वाकल्या मान वळवली आणि शिरस्त्राणाच्या सळ्यांतून लाफाकडे पाहिलं. पाढा म्हणताना अडलेलं मूल बाईंकडे बघतं, तसं. लाफाने नजर समोर ठेवली. नखं बघत राहिला.

ऑरिनने चेंडूवरचा हात काढला. सरळ उभा राहिला. हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि कुणी सांगायच्या आधी चालत मैदानाबाहेर गेला.

 रडॉक म्हणाला, "लाफा, मध्ये ये."

दुपारी ऑरिनची बायको जोलीन गाडी घेऊन आली. ऑरिन पुढच्या सीटवर काच खाली करून शांत बसला होता. लाफाने त्याची बॅग गाडीच्या मागे नेऊन ठेवली.

"माझं चुकलं," तो जोलीनला म्हणाला. "मी त्याला रोज सांगायचो. आज नाही सांगितलं."

जोलीनने मागचं दार हळूच लावलं, आवाज होणार नाही असं.

"गेल्या वर्षी दुसरा कुणीतरी सांगायचा," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी आणखी कुणी. टकरा खाऊन खाऊन त्याचं विसरणं वाढतंय, हे घरी माझ्या लक्षात यायचं ना. चांगली होती रे पोरं सगळी. मी आपली वाट बघत होते, एखादा तरी गप्प बसेल म्हणून."

लाफाला रडू आलं. जोलीनने त्याची समजूत काढली नाही. तिची नजर त्याच्या कपाळावर गेली होती. शिरस्त्राण घासून तिथली कातडी सोलवटली होती, खालचं मांस ओलं दिसत होतं. तिने अंगठा तिथवर नेला, पण लावला नाही.

"घरी कोण असतं तुझ्या?"

"आई आहे, वडील, भाऊ. सगळे तिकडे सामोआत."

"तिकडे नाही रे," ती म्हणाली. "इथे. जवळ. ज्याच्या लक्षात येईल असं कुणी."