पाचवा नमुना

पाळी संपायच्या वेळी मशीनमध्ये पाच खोटे नमुने सोडले होते. परत चारच आले.

ताहेराने रिजेक्टचा डबा पुन्हा पांढऱ्या थाळीत उपडा केला. चिमट्याने एकेक बाजूला सारला. चारच.

मोहरीएवढे व्हॉल्व. नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या सलाईनच्या नळीत ते बसतात. औषध आत जाऊ देतात, रक्त मागं येऊ देत नाहीत. खंडाळ्याच्या या कारखान्यात त्यांना माणसाचा हात लागत नाही. मशीनच आत रबराची चकती बसवतं, कॅमेऱ्याने बघतं, चांगला असेल तो पिशवीत सोडतं आणि वाईट असेल तो फुंकर मारून डब्यात उडवतं. मशीनची नजर शाबूत आहे का, हे बघायला रोज चिरलेल्या चकतीचे पाच व्हॉल्व त्यात मुद्दाम सोडायचे. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या तळाला लाल ठिपका. पाचही डब्यात आले, तरच माल पास. पास करायचं काम ताहेराचं, मशीन चालवायचं काम संयोगिताचं.

"सोडताना हातातनं पडला का गं?" ताहेराने विचारलं.

तेवढ्यात लाईनचा सुपरवायझर जयराज आला. गेटवर गाडी लागली होती, माल अजून का येत नाही हे विचारायला तो आला होता. थाळीतले चार नमुने त्याने नजरेनेच मोजले.

ताहेरा भिंग आणायला तपासणीच्या खोलीत गेली. जयराज जवळ सरकला. एरवी कारखान्यात तो संयोगिताला नावानेच हाक मारायचा.

"वैनी, पडला म्हणा."

संयोगिताचा नवरा त्याचा चुलतभाऊ. ही नोकरीही जयराजनेच लावून दिलेली.

"न्हाई पडला, भावजी. पाची आत गेल्यालं मी डोळ्यानं बघितलंय."

"ते मला कळतंय की. काल मशीन चांगला मालबी उडवाय लागलं, म्हणून मी कॅमेऱ्याची सेटिंग जरा सैल केली. वर कुणाला इचारलं न्हाई." त्याने दाराकडे पाहिलं. "पडला म्हणालासा तर तुमाला एक ताकीद मिळंल, ती मी बघतो. मशीननं पास केला म्हणालासा तर मी संपलो."

ताहेरा परत आली. जयराज दोन पावलं मागं झाला.

"पडला," संयोगिता म्हणाली.

"कुठं?"

तिने मशीनच्या पायाशी बोट दाखवलं.

ताहेराने मान हलवली. भिंग टेबलावर ठेवलं, बॅटरी घेतली आणि ती गुडघ्यांवर बसली. मग पोटावर आडवी झाली. मशीनखाली हात घालून, बॅटरीचा उजेड जमिनीला टेकवून ती बोटाने फरशी चाचपू लागली. तिच्या डोक्यावरची टोपी मशीनच्या पत्र्याला घासून सरकली, केस बाहेर आले. तिने ते आत खोचले नाहीत.

"हिकडं न्हाई. त्या अंगाला गेला आसंल का?"

"आसंल," संयोगिता म्हणाली.

ताहेरा सरपटत दुसऱ्या बाजूला गेली. पांढरा कोट कोपरापाशी काळा झाला. तिने एक कण उचलला, उजेडात धरला, टाकून दिला. परत आडवी झाली. दुसऱ्या पाळीच्या बायका दारात येऊन थांबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मी बी हुडकू का?" आणि तीही खाली बसली.

संयोगिताने एकदा जयराजकडे पाहिलं. तो गेटच्या बाजूला बघत होता.

"ताहेरा, ऊठ."

"थांब गं. सापडंल."

"ऊठ म्हणते न्हवं! न्हाई पडला. मशीननं पास केलाय."

ताहेरा उठली. हात झटकले. मशीनला लागलेली चांगल्या मालाची पिशवी काढली आणि टेबलावर ओतली. संयोगिताने स्टूल ओढलं, दुसरं भिंग घेतलं. दोघी समोरासमोर बसल्या.

अर्ध्याहून जास्त ढीग बघून झाला.

"ह्यो बघ," संयोगिता म्हणाली.

ताहेराने तो भिंगाखाली धरला. चकतीला चीर होती. तिने व्हॉल्व उलटा केला, परत सुलटा केला, कडेने फिरवला.

"ठिपका कुठाय?"

संयोगिताने वाकून पाहिलं. ठिपका नव्हताच. कुणी मुद्दाम चिरलेला तो नव्हता. तो बाळाच्या नळीत जायला निघालेला होता.

लाल ठिपक्याचा त्यानंतर सापडला. पण तोवर कुणाचं त्याच्याकडे लक्ष राहिलं नव्हतं. ताहेराने तो इतर चारांशेजारी ठेवून दिला.

"साहेब," संयोगिता म्हणाली, "कालचा माल गेला का?"

जयराज टेबलापाशी आला. त्याने भिंगातून पाहिलं. मग बाजूला होऊन नुसत्या डोळ्याने पाहिलं, आणि पुन्हा भिंगातून. गेटवरच्या गाडीवाल्याला थांबायला सांगा, असं त्याने दारातल्या बाईला खुणेनेच सांगितलं. खिशातून मोबाईल काढला. कालचा माल घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला फोन लावला.

"लालासाहेब, कुठवर पोचलायस रं? ... माल उतरवला न्हाईस न्हवं? ... मग उतरवू नगंस. गाडी फिरीव."

पलीकडून ड्रायव्हर काहीतरी मोठ्याने विचारत होता. लय मोठं काय घडलंय का, एवढं टेबलापर्यंत ऐकू आलं.

जयराजने चिमट्याच्या टोकातल्या त्या बिनठिपक्याच्या व्हॉल्वकडे पाहिलं.

"न्हाई रं गड्या," तो म्हणाला. "बारीकच हाय. फिरीव तू."